११० किलोमीटर, २५ मिनिटं आणि ५३ तास

एका ऑगस्टमध्ये आमच्या प्रयोगशाळेतल्या तिघांना स्वालबार्डमधल्या नी-ऑलेसुंडहून लाँगइयरब्येनला परतायचं होतं. हवाई अंतर ११० किलोमीटर, विमानात बसल्यावर २५ मिनिटं. प्रत्यक्षात ते विमान ठरलेल्या वेळेपेक्षा ५३ तास उशिरा सुटलं आणि आमच्या तिघांपैकी दोघंच त्यात होते. या प्रवासाची आखणी पुण्यात बसून मी केली होती. म्हणून हे प्रकरण मीच लिहिते आहे. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण निर्णय कोणत्या क्रमाने झाले ते तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

स्वालबार्ड हा नॉर्वेचा द्वीपसमूह. नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर तो येतो. स्पिट्सबर्गन हे त्यातलं सर्वांत मोठं बेट आणि लाँगइयरब्येन हे त्यावरचं मुख्य गाव. तिथला विमानतळ १९७५ साली सुरू झाला. ऑस्लो आणि ट्रॉम्सोहून जेट विमानं थेट तिथे उतरतात. नी-ऑलेसुंड त्याच्या वायव्येला, कोंग्सफ्योर्डन या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, काठावर आहे. पूर्वी ती कोळशाची वसाहत होती. १९६२ च्या खाण दुर्घटनेत २१ कामगार गेले, पुढच्याच वर्षी खाण बंद झाली आणि नंतर तिथे निरनिराळ्या देशांची संशोधन स्थानकं आली. १ जुलै २००८ रोजी सुरू झालेलं भारताचं ‘हिमाद्री’ त्यातलंच एक. गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ते चालवतं.

आमच्या गटात तिघं होते: प्रकल्पप्रमुख सर, एक पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी. झालेली संशोधक, आणि पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. फ्योर्डच्या पाण्यातले आणि तळाच्या गाळातले सूक्ष्मजीव हा त्यांचा विषय. पाणी गाळून उरलेले फिल्टर आणि गाळाच्या नळ्या उणे २० अंशांवर गोठवून पुण्यापर्यंत आणायच्या होत्या. दोन पेट्या, मिळून ३४ किलो. दोन वर्षांच्या कामाचा पाया त्या पेट्यांमध्ये होता.

या दोन गावांमध्ये रस्ता नाही. स्वालबार्डमधल्या कोणत्याच दोन वस्त्या रस्त्याने जोडलेल्या नाहीत. मध्ये डोंगर आहेत, फ्योर्ड आहेत आणि भेगाळलेल्या हिमनद्या आहेत. ऑगस्टमध्ये स्नोमोबाइलचा, म्हणजे बर्फावरून धावणाऱ्या गाडीचा, प्रश्नच येत नाही. राहतात विमान आणि बोट.

अंतर मोजताना झालेली चूक

प्रवासाचा पहिला तक्ता विद्यार्थिनीने केला होता. त्यात या टप्प्याचं अंतर ४०६ किलोमीटर आणि वेळ ‘सुमारे एक तास’ अशी लिहिली होती. ही चूक पुढच्या घोळाला कारणीभूत झाली नाही. तरी ती सांगते, कारण आपल्याकडच्या कुणाचीही ती सहज होईल.

तिने दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतले, फरक काढला आणि प्रत्येक अंशाला १११ किलोमीटर धरून पायथागोरस लावला. पुण्याच्या आसपास हे चालून जातं, कारण तिथे एक रेखांश साधारण १०५ किलोमीटरचा भरतो आणि फरक लक्षातही येत नाही. पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात. ७८ अंशांच्या पुढे एक रेखांश जेमतेम २२ किलोमीटरचा उरतो.

हा हिशेब कागदावरही करता येतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. दोन विमानतळांच्या अक्षांशांत ४१ मिनिटांचा फरक आहे, म्हणजे उत्तर-दक्षिण ७६ किलोमीटर. रेखांशांत फरक २१५ मिनिटांचा. त्याला तिथल्या अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे सुमारे ०.१९८ ने, गुणायचं. येतात साधारण ४३ सागरी मैल, म्हणजे पूर्व-पश्चिम ७९ किलोमीटर. आता पायथागोरस लावला की उत्तर ११० येतं. इतक्या लहान टप्प्यात पृथ्वीच्या गोलाईचा आणखी विचार केला नाही तरी बिघडत नाही.

भिंतीवरचा नेहमीचा जगाचा नकाशाही इथे फसवतो. मर्केटर पद्धतीच्या नकाशात या अक्षांशावरचं प्रत्येक अंतर विषुववृत्तावरच्या तुलनेत पाचपट ताणलेलं दिसतं. म्हणून स्पिट्सबर्गन तिथे एखाद्या मोठ्या देशाएवढं वाटतं. प्रत्यक्षात ही दोन गावं पुणे-सातारा रस्त्याएवढ्याच अंतरावर आहेत.

मी तिचा तक्ता दुरुस्त केला, ४०६ खोडून ११० लिहिलं, एक तास खोडून २५ मिनिटं लिहिलं आणि समाधान मानलं. माझी खरी चूक तिथे झाली. आकडा बरोबर आला, म्हणून त्या ओळीकडे मी पुन्हा पाहिलंच नाही.

२५ मिनिटांत काय येतं आणि काय येत नाही

या मार्गावर दोन इंजिनांचं डॉर्निअर २२८ हे टर्बोप्रॉप विमान उडतं. गोव्यात राहणाऱ्यांना ते ओळखीचं असेल, कारण दाबोळीच्या तळावरून आपल्या नौदलाची याच जातीची विमानं उडतात आणि ती कानपूरला बनलेली आहेत. ताशी ४०० किलोमीटरच्या वेगाने ११० किलोमीटरला १६-१७ मिनिटं लागतात. वर चढणं, खाली येणं आणि धावपट्टीच्या रेषेत येणं धरून २० ते २५. नी-ऑलेसुंडची हामनेराबेन धावपट्टी खडीची आहे आणि तिची लांबी ८०० मीटरच्या आसपास, त्यामुळे मोठं विमान तिथे येऊच शकत नाही.

विमानात जास्तीत जास्त १९ जण बसू शकतात, पण जागा किती मिळणार हे वजनावर ठरतं. माणसं, त्यांच्या बॅगा, पेट्या आणि इंधन यांची एकत्र बेरीज करावी लागते. आम्हाला माणशी २० किलोची मर्यादा सांगितली होती, पेट्यांसाठी वेगळी परवानगी घ्यायची होती.

इंधनाचा मुद्दा मला आधी कळलाच नव्हता. नी-ऑलेसुंडला ढग खाली आलेले असले आणि उतरता आलं नाही, तर जवळपास दुसरीकडे जायला जागा नाही. विमान जिथून निघालं तिथेच, लाँगइयरब्येनला, परत जातं. म्हणून येण्याजाण्याचं इंधन निघतानाच भरलेलं असतं, आणि तेवढं वजन प्रवाशांच्या व सामानाच्या वाट्यातून जातं.

फेऱ्यांचं काय? आमच्या तारखांना ठरावीक फेऱ्या सोमवारी आणि गुरुवारी होत्या. दिवसाला पाच फेऱ्या असलेल्या मार्गावर एक चुकली तर दोन-तीन तास जातात. आठवड्याला दोन असतील तर एक चुकणं म्हणजे तीन-चार दिवस. जादा फेरी निघू शकते, पण ती हवामान, वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा आणि इतरांची गरज पाहून. माझ्या तक्त्यात यातलं काहीच नव्हतं. तिथे होतं: गुरुवार, सकाळी ११ ला निघणे, ११.२५ ला पोहोचणे, दुपारी २.३० चं ऑस्लोचं विमान. मधले तीन तास मला भरपूर वाटले.

अडचण

तिकिटं तीन वेगवेगळ्या बुकिंगवर होती: डॉर्निअरची जागा एका ठिकाणी, लाँगइयरब्येन ते ऑस्लो दुसऱ्या, आणि ऑस्लोहून युरोपातल्या एका शहरामार्गे मुंबई तिसऱ्या. तिन्ही एका साखळीत नसल्यामुळे पहिला टप्पा चुकला तर पुढच्या टप्प्यांची जबाबदारी घ्यायचं कुणावरच बंधन नव्हतं. स्वस्त पडतं म्हणून मी असं केलं होतं.

दुसरी गोष्ट व्हिसाची. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे स्वालबार्डला जायला व्हिसा लागत नाही. पण भारतातून तिथे जाण्यायेण्याची नेहमीची वाट नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून आहे, आणि स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. म्हणजे जाताना शेंगेनमध्ये शिरायचं, बाहेर पडायचं आणि येताना पुन्हा शिरायचं. किमान दोन प्रवेशांचा व्हिसा लागतो. सरांनी आणि पोस्टडॉकने नवा काढला. विद्यार्थिनीकडे वसंतात जर्मनीतल्या परिषदेसाठी मिळालेला अनेक प्रवेशांचा व्हिसा होता, त्याची मुदत त्याच आठवड्याच्या रविवारी संपत होती. तक्त्याप्रमाणे ती शुक्रवारी युरोपातून बाहेर पडणार होती. “जुना चालतोय, मग नवा कशाला?” असं मीच म्हणाले होते. दोन दिवस शिल्लक राहत होते.

तिसरी गोष्ट संपर्काची. नी-ऑलेसुंडला नॉर्वेच्या नकाशा खात्याची भूमापन वेधशाळा आहे. तिथल्या रेडिओ दुर्बिणी अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या क्वेसारांचे, म्हणजे अतितेजस्वी आकाशगंगा-केंद्रांचे, अतिक्षीण संकेत टिपतात आणि त्यावरून पृथ्वीचं फिरणं व खंडांमधली अंतरं मिलिमीटरच्या पातळीवर मोजली जातात. म्हणून गावाच्या २० किलोमीटरच्या परिसरात वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. इंटरनेट मिळतं, पण तारेने, टेबलापाशी बसून. खिशातला फोन वाजेल अशी अपेक्षा ठेवायची नाही.

बुधवार दुपार

गुरुवारी सकाळी फ्योर्डवर ढग खाली येतील असा अंदाज बुधवारी दुपारी आला. उन्हाळ्यात तिथे हे नेहमीचं. तुलनेने उबदार हवा थंड पाण्यावर आणि हिमनद्यांच्या तोंडाशी आली की धुकं धरतं आणि तासन् तास हलत नाही. त्याच दुपारी कळलं की त्या रात्री ८ वाजता दुसऱ्या एका गटासाठी जादा फेरी येणार आहे आणि तिच्यात तीन जागा रिकाम्या आहेत. माणसं आणि बॅगा जाऊ शकत होती, पेट्या मागाहून येणार होत्या. पाच वाजेपर्यंत कळवायचं होतं.

पोस्टडॉकने ३.१० ला मला मेल केला. भारतात तेव्हा ६.४० वाजले होते आणि मी कार्यालयातून निघून बसमध्ये होते. घरी पोहोचून ८.१५ ला मी मेल पाहिला. तिथे तेव्हा ४.४५ झाले होते. मी ‘तिकिटांचं बघून सांगते’ एवढं उत्तर टाकलं आणि ऑस्लोला एक रात्र राहण्याची सोय, तिकीट बदलण्याचा खर्च असं सगळं बघत बसले. ९.१० ला ‘हो, निघा’ असा मेल पाठवला. तिथे ५.४० वाजले होते. जागा दुसऱ्यांना गेल्या होत्या.

मोहिमेला निघण्यापूर्वी मीच सांगितलं होतं, “तिकिटांत काहीही बदल मला विचारल्याशिवाय करायचा नाही.” पूर्वीच्या एका दौऱ्यात दोघांनी एकाच वेळी तिकीट बदलून गोंधळ केला होता, त्यातून हा नियम आला होता. पोस्टडॉकने तो पाळला. मनातून तिला जायचं होतं, असं तिने नंतर सांगितलं. स्थानकातल्या फोनवरून मला फोन करता आला असता, पण ते तेव्हा कुणाला सुचलं नाही.

इथे एक दुसरी बाजूही आहे. बुधवारी रात्री निघाले असते तर पेट्या मागे राहिल्या असत्या, आणि सरांचं मत तेव्हा स्पष्ट होतं: “नमुने सोडून मी हलणार नाही.” म्हणजे माझा ‘हो’ वेळेवर पोहोचला असता तरी कदाचित दोघीच निघाल्या असत्या. पण विद्यार्थिनी तरी नक्कीच निघाली असती आणि व्हिसाचा पुढचा घोर टळला असता.

गुरुवार

सकाळी ८ वाजता पेट्या जेल पॅक लावून बंद केल्या, वजन करून धावपट्टीकडे नेल्या. ११ च्या उड्डाणासाठी येणारं विमान लाँगइयरब्येनहून निघालं, फ्योर्डवर आलं, धावपट्टी दिसली नाही म्हणून थोडं घिरट्या घालून परत गेलं. खाली उभ्या असलेल्यांना इंजिनांचा आवाज ऐकू आला, विमान मात्र दिसलं नाही. विद्यार्थिनीने हे लिहिलेलं वाचून मला पुण्यात बसून फार वाईट वाटलं.

दुपारी १.३० ला पुन्हा प्रयत्न होईल असं कळलं. इथे माझ्यापुढे निर्णय होता. २.३० चं ऑस्लोचं विमान आता मिळणं जवळजवळ अशक्य होतं. पहिलं विमान परत फिरलं त्याच क्षणी तिघांची तिकिटं शुल्क भरून पुढे ढकलता आली असती. मी आशेवर राहिले. १.३० चा प्रयत्न वेळेत झाला, जेट थोडं लांबलं, तर जमेल असं मनात धरून थांबले. १.१५ वाजता तोही प्रयत्न रद्द झाल्याचं समजलं आणि मी तिकिटं बदलायला गेले, तोवर बदलाची मुदत उलटून गेली होती. तिघांच्या त्या टप्प्याचे पैसे पूर्ण बुडाले. मुंबईच्या तिकिटांची तारीख मात्र त्याच संध्याकाळी शुल्क भरून बदलता आली.

पेट्या १ वाजेपर्यंत धावपट्टीवरच्या शेडमध्ये होत्या. पोस्टडॉकने त्या स्वतःच परत आणून फ्रीझरमध्ये ठेवल्या. आतल्या लॉगरवर, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या यंत्रावर, उणे १४ अंशांची नोंद होती. गोठलेलं वितळलं नव्हतं, पण तापमानाचा हा चढउतार आता त्या नमुन्यांच्या नोंदीत कायमचा राहणार होता.

समोरचे पर्याय

गुरुवारी रात्री तिघं आणि मी अखेर एका लांब कॉलवर बसलो, ते तारेच्या इंटरनेटवर आणि मी स्वयंपाकघरात. चार रस्ते दिसत होते.

पहिला, तिघांनीही पुढच्या विमानाची वाट पाहायची. ते शुक्रवारी येऊ शकलं असतं, शनिवारी येऊ शकलं असतं, आणि अगदीच नाही तर सोमवारची ठरावीक फेरी होती. सोमवार उजाडला असता तर विद्यार्थिनीचा व्हिसा संपलेला असता. स्वालबार्डमध्ये राहायला तिला अडचण नव्हती, पण घरी यायची वाट शेंगेनमधून जात होती. कुणालाही हद्दपार न करता माणूस अडकून पडू शकतो, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट समजलं.

दुसरा, बोट. एका दुसऱ्या गटाने भाड्याने घेतलेली बोट शुक्रवारी संध्याकाळी लाँगइयरब्येनला परतणार होती. तिच्यात एकाची सोय होती. समुद्रमार्ग सरळ नाही. कोंग्सफ्योर्डनमधून बाहेर पडायचं, प्रिन्स कार्ल्स फोरलँड हे लांबट बेट आणि मुख्य बेट यांच्यामधून दक्षिणेला यायचं आणि मग ईसफ्योर्डनमध्ये आत शिरायचं. त्या बोटीला साधारण ११ तास लागणार होते. धुक्याने विमान थांबतं तशी बोट थांबत नाही. तिला वारा आणि लाटा थांबवतात, आणि शुक्रवारी वारा नव्हता.

तिसरा, नमुने तिथल्याच फ्रीझरमध्ये ठेवून माणसांनी मोकळं व्हायचं आणि पेट्या पुढच्या कुणाबरोबर मागवायच्या. सरांना हा मान्य नव्हता. माझंही मत तेच होतं, कारण पुढे कुणाच्या वजनात ३४ किलो बसतील याची खात्री नव्हती.

चौथा पर्याय सरांनी विचारला आणि लगेच सोडून दिला: हेलिकॉप्टर. स्वालबार्डच्या राज्यपाल कार्यालयाची हेलिकॉप्टरं बचावकार्यासाठी आहेत. चुकलेल्या विमानासाठी ती मागायची नसतात.

निर्णय

सर विद्यार्थिनीला एकटीला बोटीने पाठवायला तयार नव्हते. “अनोळखी लोक, रात्रभराचा प्रवास, मी तिच्या घरी काय सांगू?” पोस्टडॉकचं म्हणणं होतं की बोटीवरच्या गटाला ती तीन आठवडे मेसमध्ये रोज भेटत होती, त्यामुळे ते लोक अनोळखी नव्हते. मी दोन्ही बाजू ऐकत होते आणि मध्ये बोलत नव्हते. बुधवारच्या अनुभवानंतर मला वाटत होतं की आता जे तिथे आहेत त्यांनीच ठरवावं. शेवटी तीच म्हणाली, “सर, मी जाते. विमान उद्या आलं तर बोटीत बसणार नाही. पण सहा वाजेपर्यंत आलं नाही तर मी जाते.”

तो सहाचा ठोका महत्त्वाचा ठरला. ‘बघू’ म्हणत राहिलो असतो तर संध्याकाळी पुन्हा तेच घडलं असतं. बोट ७ ला सुटणार होती, ६ ला ठरवायचं, दरम्यान बॅग भरलेली ठेवायची.

शुक्रवारी दिवसभर ढग उठले नाहीत. सहाला ती निघाली, स्वतःची बॅग आणि नमुन्यांच्या नोंदवहीची एक प्रत घेऊन. प्रत द्यायची हे पोस्टडॉकला सुचलं, आणि त्या सगळ्या दिवसांतला हा मला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. पेट्यांचं काही झालंच असतं, तर काय गोळा केलं होतं याची नोंद तरी हातात राहिली असती.

पेट्यांबाबतही पद्धत बदलली. गुरुवारी त्या तीन तास आधी भरल्या होत्या. आता पोस्टडॉकने वजन आधीच करून, लेबल लावून ठेवलं आणि पेट्या रिकाम्या, जेल पॅक फ्रीझरमध्ये, नमुने फ्रीझरमध्ये असं ठेवलं. लाँगइयरब्येनहून विमान सुटल्याचा निरोप आला की भरायला घ्यायचं. भरायला १२ मिनिटं लागतात हे तिने घड्याळ लावून पाहिलं होतं. विमानाला यायला २५. तक्त्यातल्या त्या २५ मिनिटांचा खरा उपयोग इथे झाला.

निष्पत्ती

बोट शनिवारी सकाळी ६ च्या सुमाराला लाँगइयरब्येनला लागली. विद्यार्थिनीला लाटांचा त्रास झाला, झोप लागली नाही. दुपारच्या विमानाने ती ऑस्लोला आली आणि रविवारी सकाळी, व्हिसाच्या शेवटच्या दिवशी, युरोपातून बाहेर पडली. तो शिक्का बसल्याचा तिचा मेसेज आला तेव्हा मी मुलाला शाळेच्या गृहपाठाला बसवत होते. दोन मिनिटं काही बोलवेना.

शनिवारी दुपारी कोंग्सफ्योर्डनवरचे ढग फाटले. ४ वाजता विमान सुटलं, ४.२५ ला लाँगइयरब्येनला उतरलं, सर आणि पोस्टडॉक आणि दोन्ही पेट्यांसह. पेट्या तिथल्या एका संस्थेच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवता आल्या. ही सोय सरांच्या जुन्या ओळखीमुळे झाली, माझ्या आखणीत ती नव्हती. पुण्यात पोहोचल्यावर लॉगरची दुसरी नोंद पाहिली तर या टप्प्यात तापमान उणे १८ च्या वर गेलं नव्हतं. गुरुवारच्या उणे १४ मुळे काही फिल्टरांवरचं एक विश्लेषण आम्ही सोडून दिलं. बाकीचे नमुने कामी आले.

शनिवारी ४ वाजताच विमान आलं म्हणून नंतर कुणी विचारलं की मग बोटीची गरज होती का. होती. त्या विमानाने आली असती तर दुपारचं ऑस्लोचं विमान तिला मिळालं नसतं, आणि रविवारी ऑस्लोला पोहोचून त्याच दिवशी बाहेर पडणं फार घाईचं झालं असतं. पण समजा शुक्रवारी संध्याकाळी ८ वाजता ढग उठले असते आणि विमान आलं असतं, तरीही मी तो निर्णय बरोबरच म्हटला असता. ६ वाजता जे माहीत होतं त्यावर तो घेतला होता.

पुन्हा करायचं झालं तर

व्हिसाचं सर्वांत आधी. परतीच्या ठरलेल्या तारखेनंतर किमान दहा दिवस मुदत नसेल तर जुना व्हिसा वापरणार नाही, कितीही सोयीचा असला तरी. वाचलेल्या पैशांपेक्षा त्या मुलीच्या दोन रात्रींची झोप मोठी होती.

नी-ऑलेसुंडहून निघणं आणि लाँगइयरब्येनहून निघणं एका दिवशी ठेवणार नाही. मधे किमान एक ठरावीक फेरी सोडेन. म्हणजे सोमवारी निघायचं आणि ऑस्लोचं तिकीट शुक्रवारचं काढायचं, की सोमवार हुकला तरी गुरुवार उरतो. सर यावर नाराज आहेत, कारण त्यात क्षेत्रकामाचे तीन-चार दिवस जातात आणि तिथला एकेक दिवस मिळवायला वर्षभर अर्ज-परवानग्या कराव्या लागतात. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. यावर आमचं अजून पूर्ण एकमत झालेलं नाही. तूर्त तोडगा असा की सगळ्यांनी एकदम निघायचं नाही. ज्याचा व्हिसा किंवा रजा आखूड आहे त्याने सोमवारी निघायचं, नमुने सांभाळणाऱ्याने गुरुवारी.

तिकीट बदलण्याचा अधिकार आता तिथे असलेल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीकडे आहे, ठरावीक रकमेपर्यंत न विचारता. मला फक्त कळवायचं. आणि स्थानकाच्या फोनचा नंबर माझ्या घरच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

गुरुवारचा माझा स्वतःचा उशीरही आहे. पहिलं विमान परत फिरलं की पुढचं तिकीट लगेच बदलायचं, दुसऱ्या प्रयत्नाची वाट पाहायची नाही, असं आता तक्त्यातच लिहिलं आहे. लिहून ठेवलं नाही तर त्या क्षणी मी पुन्हा आशेवरच राहीन, हे मला माझ्याबद्दल कळलं आहे.

त्या तक्त्यात या टप्प्यापुढे आता तीन रकाने आहेत. अंतर ११० किलोमीटर. उड्डाण २५ मिनिटं. तिसऱ्या रकान्याचं शीर्षक आहे ‘पुढची जागा कधी’, आणि त्यात दर मोहिमेला त्या त्या आठवड्याच्या फेऱ्या विद्यार्थिनी स्वतः भरते.